वस्तीवरील राखणीचा कुत्रा व त्याची निगा

मळ्यातील वस्तीवर राहणारा शेतकरी आपल्या दावणीची मोजदाद करतो तेव्हा बैल, गाई, शेळ्या, इतकेच काय पण कोंबड्याही त्याच्या हिशेबात येतात. दाराशी बांधलेला कुत्रा मात्र त्या हिशेबात क्वचितच येतो. दत्तात्रेयाच्या तसबिरीत चार कुत्री असतात, खंडोबाच्या टाकावर घोड्यासोबत कुत्रा असतो, आणि मेंढरांचा वाडा रानात बसविणाऱ्या धनगराला तर कुत्र्यावाचून एक रात्र काढणे कठीण. असे असूनही या राखणदाराच्या वाट्याला बहुधा उरलेली भाकरी आणि हातभर लांबीची साखळी एवढेच येते.

साखळीचा प्रश्न आधी घेतला पाहिजे, कारण कुत्र्याचा स्वभाव बिघडण्याचे बहुतेक मूळ तेथेच असते. कुत्रा हा कळपाने राहणारा प्राणी होय. घरातील माणसे हाच त्याचा कळप. रात्रंदिवस एकाच खुंट्याशी जखडलेले जनावर एक तर मलूल होऊन पडते, नाही तर येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकावर धावून जाते. कुत्रा चिडका झाला म्हणजे राखण चांगली होते, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती खरी नाही. जो कुत्रा पानाच्या सळसळीवरही भुंकतो त्याच्या भुंकण्याने घरातील कोणीही अंथरुणातून उठत नाही, आणि ज्या रात्री चोर येतो त्या रात्रीही कोणी उठत नाही.

यावर एक सोपी योजना करता येते. पंधरा-वीस फूट अंतरावर दोन मजबूत खांब रोवून डोक्याच्या उंचीवर जाड तार ताणावी, तारेत लोखंडी कडी ओवावी व त्या कडीला साखळी अडकवावी. म्हणजे कुत्र्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडता येते. साखळी खांबाला गुंडाळली जाणार नाही इतक्या अंतरावर तारेला गाठ मारून कडी अडवावी. एका टोकाला सावली व पाण्याचे पसरट, जड भांडे असावे. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यतः जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग थंड करतो. वैशाखात पत्र्याच्या आडोशाला बांधलेला, पाणी न मिळालेला कुत्रा एका दुपारीत दगावू शकतो. याशिवाय दिवसातून दोन वेळा त्याला सोडून शेताच्या बांधावरून फिरवून आणावे. हे काम घरातील मुलांना आवडीचे असते.

रात्री मात्र उघड्यावर बांधणे अनेक भागांत धोक्याचे झाले आहे. जुन्नर, आंबेगाव, अकोले या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर कायमचा आहे. अकोले परिसरातील बिबट्यांच्या आहाराचा जो अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला, त्यात भक्ष्याच्या एकूण वजनापैकी सुमारे 39 टक्के वाटा पाळीव व गावठी कुत्र्यांचा असल्याचे दिसून आले. उसाच्या कडेला साखळीने बांधलेला कुत्रा पळू शकत नाही व लढूही शकत नाही. तो राखण करीत नसून बिबट्याला घराच्या दाराशी बोलावीत असतो, असेच म्हणावे लागेल. अशा गावांत रात्री त्याला गोठ्याच्या बंद दाराआड किंवा पडवीत जाळीच्या आत घ्यावे. त्याचे नाक व कान दाराआडूनही आपले काम करतात.

पिल्लू आणताना घाई होते ती वेगळीच. डोळे उघडून जेमतेम चालू लागलेले पिल्लू पोरे उचलून आणतात. आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत पिल्लू आईजवळ राहिले पाहिजे. आपल्या भावंडांशी खेळतानाच, चावा किती जोराचा घ्यावयाचा नाही, हे ते शिकते. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन महिन्यांपर्यंतचा काळ त्याच्या शिक्षणाचा खरा काळ होय. या अवधीत बैल, कोंबड्या, सायकल, ट्रॅक्टर, लहान मुले व पाहुणे यांची ओळख झाली तर पुढे ते विनाकारण कोणावर धावत नाही. काठीने मारून शिकविलेला कुत्रा केवळ काठीलाच ओळखतो.

अलीकडे शहरातील नातलगांकडून लांब कानांचे स्पॅनिएल जातीचे कुत्रेही खेड्यातील वाड्यांत येऊ लागले आहेत. झुडपातील पक्षी उठविण्यासाठी विलायतेत वाढविलेली ही जात माणसाळू व खेळकर आहे. परंतु तिला राखणीला बांधणे व्यर्थ आहे आणि एकटे ठेवणे तर निर्दयपणाचे. तिचे लोंबते कान आतून ओलसर राहून सडतात, म्हणून ते आठवड्यातून एकदा उचलून पाहावेत व कोरड्या मऊ फडक्याने पुसावेत. पावसाळा संपल्यावर गवताची कुसळे कानात व पायांच्या बोटांमध्ये शिरून जखमा करतात. कुत्रा एकसारखे डोके झटकू लागला तर कानात तेल ओतीत न बसता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

आहाराविषयी थोडक्यात सांगावयाचे तर नुसत्या भाकरीवर कुत्रा जगतो, पोसला जात नाही. भाकरीबरोबर वरण, ताक, उकडलेले अंडे किंवा शिजविलेले मांस मिळाले पाहिजे. कांदा व लसूण देऊ नये. शिजविलेल्या कोंबडीची हाडे फुटून त्यांच्या कपच्या आतड्यात रुततात. नाशिक व सांगलीकडील बागायतदारांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: द्राक्षे व बेदाणे यांमुळे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. तेव्हा बेदाण्याच्या शेडमध्ये त्याला मोकळे सोडू नये. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा त्याच्या पाण्यासाठी कधीही वापरू नये, कितीही धुतला तरी.

मेंढपाळांच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा विषय जंतांचा आहे. कुत्र्याच्या आतड्यात एक अगदी बारीक पट्टकृमी राहतो; त्याची लांबी काही मिलिमीटरच असते. त्यामुळे कुत्र्याला कसलाही त्रास दिसत नाही. विष्ठेतून पडलेली त्याची अंडी चाऱ्याबरोबर मेंढीच्या पोटात जातात व तिच्या काळजात आणि फुप्फुसात पाण्याने भरलेले फुगे धरतात. जत्रेत किंवा घरी बकरे कापल्यावर असे फुगे असलेला भाग खराब म्हणून कुत्र्यापुढे टाकला जातो, आणि फेरा पूर्ण होतो. तीच अंडी कुत्र्याच्या केसांना चिकटून मुलांच्या हाताला व तोंडाला लागली, की माणसाच्या काळजातही तसाच फुगा वाढतो. तो वर्षानुवर्षे कळत नाही व पुढे शस्त्रक्रियेची पाळी येते. मेंढी डोके वाकडे करून एकाच जागी गोल फिरू लागते, तो गिड रोगही अशाच दुसऱ्या एका पट्टकृमीचा. मेलेल्या मेंढीचे मुंडके कुत्र्याला दिल्याने तो कळपात टिकून राहतो.

म्हणजे ज्या कुत्र्याने लांडग्यापासून कळप वाचवावयाचा, त्याच्याच मार्फत मालक नकळत कळपात रोग पेरीत असतो. उपाय खर्चाचा नाही. कच्चे काळीज, फुप्फुस व मुंडके कुत्र्याला देऊ नये. ते खोल पुरावे किंवा निदान अर्धा तास चांगले उकळावे. पट्टकृमीवर चालणारे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठराविक अंतराने द्यावे. मेंढरांच्या वाड्यावरील कुत्र्यांना ते अधिक वेळा लागते. औषध दिल्यानंतरची दोन-तीन दिवसांची विष्ठा पुरून टाकावी. कुत्र्याला हात लावल्यावर मुलांनी जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत.

राहिला पिसाळण्याचा रोग. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. परंतु लक्षणे दिसण्यापूर्वी तो पूर्णपणे टाळता येतो. पाळलेल्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात पहिली लस, सुमारे महिन्याने दुसरी व पुढे दरवर्षी एक, असा क्रम ठेवावा. कुत्रा चावल्यास जखमेवर चुना, मिरची किंवा हळद भरू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी व त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. बेंबीभोवती घ्यावयाच्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून वडीलधाऱ्यांच्या मनात आहे. ती जुनी लस 2005 पर्यंत देशातून बंद झाली. आता थोडीच इंजेक्शने दंडात घ्यावी लागतात. पण ठरवून दिलेली प्रत्येक तारीख पाळली पाहिजे. चावलेला कुत्रा 10 दिवस नजरेखाली ठेवावा, मात्र त्याचे काय होते हे पाहण्यासाठी लस घेणे लांबणीवर टाकू नये.

पिसाळलेला कुत्रा गाईबैलांनाही चावतो, आणि येथे शेतकऱ्याचा घात होतो. असे जनावर लाळ गाळते, त्याला गिळता येत नाही, ते विचित्र हंबरते. घशात काही अडकले असावे असे समजून मालक त्याच्या तोंडात हात घालतो. हाताला जरासा ओरखडा असला तरी लाळेतून रोग शिरू शकतो. अशा वेळी हात न घालता जनावर वेगळे बांधावे व पशुवैद्यकास बोलवावे. हात आधीच घातला असल्यास तो साबणाने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.

गावात लसीकरणाचा दिवस ठरला म्हणजे ग्रामसेवकांनी आदल्या संध्याकाळी दवंडी द्यावी किंवा ध्वनिक्षेपकावरून सूचना करावी, व वस्त्यांवर निरोप पोहोचवावा. कारण गावठाणातील कुत्री येतात आणि मळ्यातील मागे राहतात. कुत्रा त्याच्या ओळखीच्या माणसाने आणावा. चावरा असल्यास कापडी पट्टीचे मुसके लस टोचण्यापुरतेच बांधावे व लगेच सोडावे, कारण तोंड आवळलेल्या कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत. लस दिल्याची तारीख गोठ्याच्या दारावर खडूने न लिहिता वहीत लिहून ठेवावी.