द्राक्षमद्य आणि सांबारवडी

फ्रान्समधील पांढऱ्या द्राक्षमद्याची चर्चा आपल्या घरांत कशाला, असें कित्येक वाचकांस वाटेल. परंतु नागपुरांतील आमच्या परिचयाच्या अनेक घरांत हा विषय न बोलावतां येऊन बसला आहे. परदेशीं नोकरीस असलेला पुतण्या किंवा जांवई सुटींत येतो, त्याच्या पेटींत एक हिरवट बाटली असते. वडील माणसें पाहून न पाहिल्यासारखें करितात, आणि ती बाटली कपाटांत कपड्यांखालीं जाते. एकत्र कुटुंबांत एकमेकांपासून लपविण्याची वस्तु असावी, हें आम्हांस मद्याइतकेंच घातक वाटतें. तेव्हां ती वस्तु आहे तरी काय, हें अगोदर पाहूं.

फ्रान्समध्यें लवार नदीजवळ सांसेर नांवाचें टेकडीवरचें गांव आहे. तेथील चुनखडीच्या व गारगोटीच्या जमिनींत सोव्हिन्यों ब्लां जातीचीं द्राक्षें होतात, आणि मद्यास नांव मिळतें तें गांवाचें. ही चाल आपणांस अपरिचित नाहीं. कौटिल्यानें द्राक्षमद्याचीं कापिशायन व हारहूरक हीं देशावरून पडलेलीं नांवें सांगितलीं आहेत. आणि पाणिनीनें तर कापिशी या नगरनामापासून ‘कापिशायन’ साधण्यासाठीं एक सूत्रच खर्चिलें आहे! अर्थात् शब्द साधणें निराळें आणि पेला उचलणें निराळें. मनूनें सुरापान महापातकांत गणिलें आहे, हेंही विसरतां येत नाहीं.

या मद्यास ‘कोरडें’ म्हणतात, कारण द्राक्षांतील जवळजवळ सर्व साखरेचा आंबतांना मद्यार्क होऊन गेलेला असतो. गोडी गेली कीं आंबटपणा उघडा पडतो. एका आप्ताच्या घरीं आम्हीं दोन घोट चाखून पाहिले. प्रथम नुकत्याच कापलेल्या गवताचा वास, मागून ढोबळ्या मिरचीचा हिरवेपणा, आणि घोट गिळतांच जिभेच्या कडांस सुटलेलें पाणी. ढोबळ्या मिरचीचा वास हा भास नव्हे. दोहोंत एकाच वर्गाचीं गंधद्रव्यें असतात. आंबटपणाही ओळखीचाच निघाला. द्राक्षांतील मुख्य आम्ल तेंच चिंचेंतील, म्हणजे आपल्या चिंचगुळाच्या आमटीचें हें दूरचें भावंड म्हणावयाचें.

सांसेरचे लोक हें मद्य शेजारच्या शाव्हिन्योल गांवच्या बकरीच्या दुधाच्या चीजबरोबर घेतात. खारट व स्निग्ध घांसानें जीभ माखली कीं आंबट घोट ती धुऊन काढतो. तुपाच्या वरणभातावर आपण लिंबू पिळतों तें याहून वेगळ्या कारणासाठीं नव्हे.

मग नागपुरी ताटांत याची जोडी कोणाशीं? आमच्या मतें सांबारवडीशीं. आमच्याकडे कोथिंबिरीस सांबार म्हणतात. तिचा हिरवा वास, तळणीचा खमंगपणा आणि हा पेला यांचें फार चांगलें जुळतें. गोळाभातावरच्या हिंग-मोहरीच्या फोडणीच्या तेलासही तो उतारा होतो. तर्रीपोहे व सावजी रस्सा मात्र वर्ज्य, कारण मद्यार्कानें तिखटाची आग वाढते. संत्राबर्फीनंतर तर तोच घोट नुसता आंबटढाण लागतो. पेला ८ ते १० अंशांपर्यंत गार असावा. मे महिन्यांत आमच्या गांवीं तो बोलतां बोलतां कोमट होतो व मद्यार्काचाच दर्प पुढें येतो. म्हणून थोडें थोडेंच ओतावें.

यासाठीं फ्रान्सहून बाटली आणावयास पाहिजे असेंही नाहीं. राजीव सामंत यांच्या सुला कंपनीनें नाशिकास २००० सालीं मद्य काढण्यास आरंभ केला, तो सोव्हिन्यों ब्लां व शेनें ब्लां या लवारकांठच्याच जातींपासून.

एवढें सांगूनही आमचा कोणास आग्रह नाहीं. यांत शेंकडा १२-१३ मद्यार्क असतो, आणि त्याचें कोणतेंच प्रमाण निर्धोक नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें आहे. जो घेत नाहीं त्याचें कांहीं बिघडत नाहीं. त्याच्या ताटांत लिंबाची फोड आहे, ताक आहे. जो घेतो त्यानें जेवणाबरोबर, सर्वांदेखत, बेतानें घ्यावें. आणि वडिलांनीं आपलें मत तोंडावर सांगावें, तोंड फिरवूं नये. पाहुण्यांस सेवाग्राम दाखवावयास नेणारांनीं मात्र बाटली घरींच ठेवावी, कारण वर्धा जिल्ह्यांत दारूबंदी आहे.