लकवा आला, पण कशाने?

आपल्याकडे कुणाला पॅरालिसिसचा झटका आला की कारण जवळजवळ ठरलेलं असतं. बीपीची गोळी चुकवली असेल, शुगर वाढली असेल, तंबाखू तर होतीच. बहुतेक वेळा हे अंदाज खरेही निघतात. पण पस्तिशीतल्या माणसाला, बीपी-शुगर नसताना, व्यसन नसताना झटका येतो, किंवा एकाच घरात तो तिसऱ्या माणसाला येतो, तेव्हा ‘नशिबात होतं’ म्हणून फाइल बंद करू नये. त्याबद्दलच आज लिहायचं आहे.

मी बडोद्याची. शिकले इथेच आणि गेली सत्तावीस वर्षं पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते. पेशंट मला सहसा दिसत नाही. त्याच्या शरीराचा एक छोटा तुकडा काचेच्या पट्टीवर माझ्यापर्यंत येतो, मी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहते आणि रिपोर्ट लिहिते. बायॉप्सी म्हटलं की लोकांना कॅन्सरच आठवतो. स्ट्रोकचं कारण शोधायलाही बायॉप्सी करतात हे सांगितलं की सुशिक्षित घरांतही लोक चमकतात. (पुढे ज्या पेशंटबद्दल लिहिलं आहे, त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. तोंड वाकडं झालं, हात उचलला जात नाही, बोलणं अडखळतंय, असं दिसलं की त्या क्षणी कारण शोधत बसायचं नाही. थेट स्ट्रोकवर उपचार करणारं हॉस्पिटल गाठायचं. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. बायॉप्सीचा विचार त्यानंतर, पेशंट सावरल्यावर, आणि तोही मोजक्या लोकांच्या बाबतीत.

त्या मोजक्यांपैकी एक बाई. वय चव्वेचाळीस, शाळेत शिक्षिका. तिशीपासून अर्धशिशी, डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक यायची. मग एके दिवशी उजवा हात लुळा पडला, आठवड्याने बरा झाला. वर्षभराने पुन्हा तसंच. एमआरआयमध्ये मेंदूच्या आतल्या भागात पांढरे डाग भरपूर. एका ठिकाणी त्यावरून दुसऱ्याच आजाराची औषधं सुरू झाली होती. नंतरच्या न्यूरॉलॉजिस्टनी एक साधा प्रश्न विचारला, “घरात आणखी कुणाला?” तेव्हा हळूहळू बाहेर आलं. वडिलांना पंचावन्नाव्या वर्षापासून काही आठवेनासं झालं होतं, घरात सगळे म्हणायचे ‘नोकरी सुटल्याचा धसका घेतला’. काका पन्नाशीच्या आत लकव्याने गेले.

या आजाराचं नाव कॅडासिल. इंग्रजीतलं लांबलचक नाव आखडून १९९३मध्ये हे रूढ झालं. १९९६मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी दाखवलं, की एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या नॉच-३ या जनुकातल्या बिघाडाने तो होतो. त्यामुळे मेंदूतल्या बारीक धमन्यांच्या भिंतीतल्या स्नायूपेशी हळूहळू मरतात, भिंत जाड आणि ताठर होते, रक्त कमी पोहोचतं. आई किंवा बाप, कुणाकडूनही येतो आणि प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

आता इथे कातडीचा काय संबंध? मेंदूचा आजार आणि दंडाची कातडी! पण तो बिघाड फक्त मेंदूतल्या धमन्यांत नसतो, तो सगळ्या शरीरातल्या लहान धमन्यांत असतो. कातडीतल्या धमन्यांनी त्रास होत नाही इतकंच. म्हणून दंडावर भुलीचं इंजेक्शन देऊन तीन-चार मिलिमीटरचा गोल तुकडा काढतात. पंच नावाचं पेनासारखं हत्यार असतं, पाच-दहा मिनिटांचं काम, एखादा टाका. तो तुकडा साध्या सूक्ष्मदर्शकाला फारसं सांगत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मात्र स्नायूपेशींच्या कडेला काळसर, रवाळ ढिगारे चिकटलेले दिसतात. ते दिसले की निदान झालं असं समजतात.

कुणी विचारेल, आता तर रक्तातून जनुक तपासता येतं, मग तुकडा कशाला? बरोबर आहे. आज कॅडासिलसाठी पहिली तपासणी जनुकाचीच असते. पण जनुकाचा रिपोर्ट नेहमी ‘हो’ किंवा ‘नाही’ असा येत नाही. ‘बदल आहे, पण त्याचा अर्थ निश्चित नाही’ असंही छापून येतं, आणि तो कागद हातात घेऊन घरचे लोक रात्र-रात्र जागतात. शिवाय २०१६मध्ये मोठ्या जनुकीय माहितीसाठ्यांची छाननी झाली, तेव्हा या जनुकातले आजाराशी जोडलेले बदल साधारण तीनशे माणसांमागे एकाजवळ सापडले. म्हणजे बदल असलेल्या कित्येकांना फारसं काही होतच नाही. अशा वेळी प्रत्यक्ष धमनीत काय चाललंय हे पाहायला तुकडा कामी येतो. शिक्षिकाबाईंचा जनुकाचा रिपोर्ट असाच संदिग्ध होता. कातडीत ते ढिगारे स्पष्ट होते.

बायॉप्सी म्हणजे तुकडा कापला आणि लॅबला पाठवला, इतकं सोपं नसतं. आमच्याकडे नेहमीच्या तुकड्यांसाठी फॉर्मॅलिनची बाटली असते. पण कॅडासिलसाठीची कातडी ग्लुटाराल्डिहाइड नावाच्या द्रावणात लागते. स्नायूचा तुकडा असेल तर तो कोणत्याही द्रावणात न बुडवता द्रव नायट्रोजनच्या मदतीने झटकन गोठवावा लागतो. चुकीच्या बाटलीत गेला की तपासणीचा मोठा भाग वाया. म्हणून पेशंटच्या नातेवाइकांनी अवश्य विचारावं, “तुकडा कुठल्या लॅबमध्ये जाणार, आणि त्यांच्याशी आधी बोलणं झालंय का?” कुणाला राग येत नाही. आला तर येऊ द्या.

स्नायूचा तुकडा लागतो तो मेलास नावाच्या आजारात. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांचा हा बिघाड. बहुधा मुलं किंवा तरुण: उंची कमी, ऐकू कमी येतं, उलट्या, फिट, आणि स्ट्रोकसारखे झटके. एमआरआयमधला डाग कुठल्याच एका धमनीच्या हद्दीत नीट बसत नाही, तिथे न्यूरॉलॉजिस्टला शंका येते. गोठवलेल्या स्नायूला खास रंग दिला की काही तंतूंच्या कडा लाल आणि चिंध्या झाल्यासारख्या दिसतात. हा आजार फक्त आईकडून येतो, कारण मायटोकाँड्रिया आईच्याच बीजातून मिळतात. त्यामुळे आईला बहिरेपण आणि मधुमेह आहे का, हा प्रश्न मुलाच्या निदानात महत्त्वाचा ठरतो. नाव कळण्याचा तातडीचा फायदाही आहे: फिटवर सर्रास दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट हे औषध यात टाळतात. हल्ली अनेकदा रक्त किंवा लघवीतूनच जनुकीय बदल सापडतो आणि स्नायूला हात लावावा लागत नाही.

आजी-आजोबांच्या वयातला एक आजार तुम्हा नातवंडांनी लक्षात ठेवावा. कानशिलाजवळून धडधडत वर जाणारी जी धमनी हाताला लागते, तिला सूज येते. केस विंचरताना टाळू दुखते, पोळी चावताना जबडा भरून येतो, नवी डोकेदुखी सुरू होते. दुर्लक्ष केलं तर एका डोळ्याची दृष्टी अचानक जाऊ शकते, काहींना स्ट्रोक येतो. पन्नाशीच्या आत हा होत नाही म्हटलं तरी चालेल. आपल्या देशात पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी, पण दिसतो. यात बायॉप्सीची वाट न पाहता स्टिरॉइड लगेच सुरू करतात. त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत धमनीचा तुकडा घेतला तरी खुणा मिळतात. सूज सलग नसते, मध्ये चांगला भाग असतो, म्हणून निदान एक सेंटिमीटर लांबीचा तुकडा हवा आणि आम्ही त्याचे बरेच काप करून प्रत्येक पाहतो. हल्ली अनेक ठिकाणी आधी धमनीची सोनोग्राफी होते.

आणि मेंदूची बायॉप्सी. इथे घरच्यांचा धीर सुटतो, आणि ते स्वाभाविक आहे.

अडतीस वर्षांचे एक गृहस्थ, बँकेत नोकरी. तीन महिने डोकेदुखी, मग लहान-लहान झटके, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. अँजिओग्राफीत मेंदूच्या धमन्या मण्यांच्या माळेसारख्या, कुठे आवळलेल्या, कुठे फुगलेल्या. पाठीच्या पाण्यात सूज दिसली, जंतू सापडले नाहीत. फक्त मेंदूच्या धमन्यांना सूज येण्याचा एक दुर्मीळ आजार आहे, त्याची शंका आली. त्यावर स्टिरॉइडबरोबर सायक्लोफॉस्फामाइडसारखं जबर औषध देतात, ते प्रतिकारशक्ती खाली आणतं. पण अशी माळ इतर आजारांतही दिसते, अँजिओग्राफी एकटी निर्णय देऊ शकत नाही. डॉक्टरांनी बायॉप्सी सुचवली. भावांनी विरोध केला, “डोकं उघडलं की माणूस संपला.” बायकोने दोन दिवस घेतले. तिने सर्जनना धोके विचारले, रक्तस्राव आणि फिट येण्याची शक्यता समजून घेतली, आणि सही केली.

मेंदूच्या आवरणासकट छोटा तुकडा माझ्याकडे आला. धमन्यांभोवती सूज होती, पण तिच्यात क्षयरोगाच्या गाठी होत्या, मधोमध मेलेल्या पेशींचा चुना. टीबी! टीबीचा मेंदूज्वर धमन्यांना वेढतो आणि स्ट्रोक आणतो, आपल्या देशात हे नवं नाही. टीबीच्या औषधांशिवाय प्रतिकारशक्ती पाडणारं औषध दिलं असतं तर काय झालं असतं, हे सांगायला डॉक्टर व्हायची गरज नाही. ते गृहस्थ आज काठी घेऊन चालतात आणि नोकरीवर आहेत.

प्रत्येक वेळी असं होत नाही, हेही सांगते. धमन्यांची सूज ठिकठिकाणी असते, नेमका तोच भाग हाती लागेल असं नाही. खरा आजार असूनही साधारण चौथाई वेळा तुकडा कोरा निघतो. म्हणून हा निर्णय शेवटचा, बाकी सगळं करून झाल्यावरचा. ‘सुई लागली की आजार पसरतो’ ही भीती मात्र या आजारांत निराधार आहे.

आणखी दोन आजार, थोडक्यात. फॅब्री नावाच्या आनुवंशिक आजारात एका एन्झाइमच्या अभावी पेशींत चरबीसारखा पदार्थ साठतो. लहानपणापासून हातापायांची आग, घाम कमी, पुढे मूत्रपिंड, हृदय आणि स्ट्रोक. मूत्रपिंडाच्या बायॉप्सीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली झेब्र्यासारखे पट्टे दिसतात आणि कित्येकदा पहिला सुगावा तिथेच लागतो. यावर एन्झाइमचं औषध आहे, पण भयंकर महाग. २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली ठरावीक केंद्रांत पन्नास लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम आणि हैदराबादचं निम्स त्यांत आहेत. दुसरा आजार म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आतच वाढणारा लिम्फोमा. त्याची गाठ कुठेच लागत नाही, नुसते झटके आणि ताप. वरून निरोगी दिसणाऱ्या कातडीचे दोन-तीन तुकडे घेतले तर बारीक वाहिन्यांत अडकलेल्या कॅन्सरपेशी सापडतात. मला हे निदान दोनदाच करायला मिळालं.

शिक्षिकाबाईंच्या घराकडे परत येते, कारण तुमच्या वयाच्या वाचकांचा प्रश्न तिथे आहे. त्यांची मुलगी बावीसची, भाचा सव्वीसचा. भाच्यासाठी स्थळं पाहणं चालू होतं. घरातल्या मोठ्यांनी ठरवलं, बोलायचं नाही. आपली मराठी घरं इथे मोजकी, एका लग्नात कळलं की चार लग्नांत पोहोचतं, ही भीती मला समजते. तरी माझं मत विरुद्ध आहे. समोरच्या मुलीला अंधारात ठेवून संसार मांडू नये.

तपासणी करायची की नाही, हा मात्र ज्याचा त्याचा निर्णय. कॅडासिल थांबवणारं औषध आज नाही. त्रास नसलेल्या सज्ञान व्यक्तीने आधी जेनेटिक काउन्सेलरशी बोलावं, मग ठरवावं. लहान मुलांची अशी तपासणी करत नाहीत. सिगारेट सोडणं आणि बीपी आटोक्यात ठेवणं या दोन गोष्टींना तपासणीची वाट पाहावी लागत नाही, आणि या आजारात त्यांनी खरंच फरक पडतो. भाच्याने तपासणी केली नाही, सिगारेट सोडली, आणि पुढच्या स्थळाला पहिल्याच भेटीत स्वतः सगळं सांगितलं. मुलीने दोन वेळा काउन्सेलरकडे जाऊन रक्त दिलं. निकाल तिचा आहे, तो मी इथे लिहिणार नाही.

दुसऱ्या मतासाठी अहमदाबादला किंवा मुंबईला जाणार असाल, तर फाइलबरोबर स्लाइड आणि मेणाचा ब्लॉकही लॅबकडून मागून घ्या. तुकडा मेणात घातलेला असतो, तो वर्षानुवर्षं टिकतो आणि त्याचे नवे काप काढता येतात. गेलेल्या काकांची किंवा आजोबांची कधी बायॉप्सी झाली असेल, तर त्यांचा ब्लॉक अजून कुठेतरी असेल का, याची चौकशी करून पाहा.