केस कोणाच्या हाती द्यावेत?

या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही श्रोत्यांनी एकमेकांकडे पाहून स्मित केले असेल. वसंत व्याख्यानमालेत राज्यघटना शोभते, संतवाङ्मय शोभते, कापसाचा भावही शोभतो. पण केस कापणे, विंचरणे हा काय व्याख्यानाचा विषय झाला? आमचे एवढेच म्हणणे आहे की, थोडा विचार करून पाहावा. दुसऱ्याच्या हाती धारेचे हत्यार देऊन आपण मान खाली घालतो आणि डोळे मिटून बसतो, असे प्रसंग आयुष्यात फार थोडे असतात. एवढा विश्वास आपण सावकारावरही टाकीत नाही. म्हणून त्या खुर्चीवर कोणाला बसू दिले जाते आणि कोणाला दारातूनच परत पाठविले जाते, हे पाहिले म्हणजे त्या समाजाची पुष्कळशी ओळख पटते.

प्रथम दूरचे उदाहरण घेऊ. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्री नोकरीनिमित्त नव्या गावी गेली की घर, शाळा आणि दवाखाना यांच्याबरोबर तिला आणखी एक शोध घ्यावा लागतो. आपले केस ज्याला समजतात असा कारागीर या गावात आहे काय? गावात केशभूषेची दुकाने पुष्कळ असतात; परंतु आत गेल्यावर ‘तुमच्या प्रकारचे केस आम्ही करीत नाही’ असे उत्तर मिळते, किंवा उत्तर न मिळता नुसती चुळबुळ दिसते. कोठे जादा पैसे मागितले जातात. कोठे कारागीर होकार देतो, पण त्याला काम येत नसते आणि केस तुटून हातात येतात. शेवटी एखाद्या चर्चमध्ये किंवा कामाच्या ठिकाणी आपल्यासारखे केस नीट राखलेली दुसरी स्त्री दिसली की तिला गाठून विचारावे लागते, ‘बाई, तुमचे केस कोण करते?’ चांगल्या कारागिराचे नाव अशा रीतीने तोंडोतोंडी फिरत असते.

हे असे का व्हावे? केसांचा भेद आहे हे खरे, पण तो समजण्यास कठीण नाही. केस ज्या मुळातून उगवतो ते मूळ सरळ असले म्हणजे केस सरळ येतो. ते वाकडे असले म्हणजे केस वळणे घेत येतो. आफ्रिकी वंशाच्या लोकांचा केस आडवा कापून पाहिला तर तो गोल नसून चपटा दिसतो, आणि तो स्प्रिंगसारखी वेटोळी घेतो. टाळूवर सुटणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून टोकापर्यंत ओघळते. वेटोळ्यांवरून ते उतरत नाही. त्यामुळे असा केस कोरडा राहतो आणि प्रत्येक वळणावर नाजूक असतो. कोरड्या केसात बारीक दातांची फणी मुळापासून ओढली तर तो तुटणारच. तो ओला करावा, तेल किंवा मलम लावावे आणि रुंद दातांच्या फणीने टोकाकडून मुळाकडे सावकाश जावे. बारीक वेण्या घालायच्या तर अर्धा दिवसही जातो. तात्पर्य, हे केस वाईट नाहीत; त्यांची विद्या वेगळी आहे. ती विद्या शिकविली गेली नाही, आणि न शिकविण्याचा दोष मात्र केसांच्या माथी मारला गेला.

या दोषारोपाला जुना इतिहास आहे. १७८६ मध्ये लुइझियाना प्रांत स्पेनच्या ताब्यात असताना तेथील गव्हर्नराने कृष्णवर्णीय स्त्रियांनी डोक्यावर रुमाल बांधावा असा हुकूम काढला. केसांचा शृंगार करून त्यांनी गोऱ्या स्त्रियांची बरोबरी करू नये, हा त्यातील हेतू. पुढे गुलामगिरी गेली, पण सरळ केस तेच ‘चांगले केस’ ही समजूत राहिली. तापविलेल्या लोखंडी फण्या आणि दाहक सोड्याची मलमे यांनी केस सरळ करण्याची रीत पडली. त्याने टाळू भाजे, तरी नोकरी टिकविण्यासाठी बायका ते सोशीत. अशा रासायनिक मलमांचा वारंवार उपयोग करणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळले, असे अमेरिकेतील सरकारी आरोग्यसंस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. यात आपलाही एक दूरचा धागा आहे. तिरुपतीला भाविक जे केस श्रद्धेने अर्पण करतात त्यांचा लिलाव होतो, ते परदेशी जातात, आणि त्यांतले काही अशा स्त्रियांच्या डोक्यावर कृत्रिम केस म्हणून चढतात.

दुकानाचे दार बंद असले म्हणजे घर हेच दुकान होते. आई, मावशी, थोरली बहीण स्वयंपाकघरात पाटावर बसवून केस विंचरते, वेण्या घालते. हे वाचताना आम्हांस साताऱ्यातील एका घराची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणाविषयी लिहून ठेविले आहे की, त्यांच्या घरी केस कापण्याचे काम त्यांची थोरली बहीण करीत असे आणि सरावाने ती त्यात तरबेज झाली होती. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नव्हे. घरात पैसे नव्हते असेही नव्हे. अस्पृश्याच्या डोक्याला हात लावण्यास एकही न्हावी तयार नव्हता, एवढेच कारण होते. अमेरिकेतील नकाराला निदान केसांचे निमित्त तरी होते. येथे केस सर्वांसारखेच होते. निमित्तही उरले नव्हते.

न्हाव्याला एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मात्र अन्यायाचे होईल. बलुतेदारीत त्याचे वर्षाचे धान्य पाटलाच्या आणि कुणब्याच्या खळ्यावरून येई. त्याने महारवाड्यात कात्री नेली असती तर दुसऱ्या दिवशी वरच्या आळीची दारे त्याला बंद झाली असती. त्याची स्वतःची पायरी तरी कोणती? सेना न्हावी संतमालिकेत जाऊन बसले, तरी त्यांच्या जातीचा धंदा हलकाच गणला गेला. ज्याच्या हातावाचून लग्न आणि सुतक पार पडत नाही, त्या हातालाच कमी लेखावयाचे, ही आपली जुनी खोड आहे.

आणि याच कारागिरांनी एकदा असा नकार दिला की तो महाराष्ट्राने विसरू नये. पूर्वी काही जातींत नवरा मरताच बाईचे केशवपन करीत. कित्येकदा ती बाई नव्हे, मुलगीच असे. आपल्या स्त्रीला न्हावी भेटे तो असा, न मागता आणि तिच्या इच्छेविरुद्ध. १८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरविली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालविणार नाही असा निश्चय केला. सत्यशोधक विचाराचे आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे या चळवळीच्या पाठीशी होते. हाती पोटापाण्याचा धंदा असताना ‘हे पाप आम्ही करणार नाही’ असे म्हणणे सोपे नव्हते.

म्हणजे नकार दोन प्रकारचा असतो. एक, समोरच्या माणसालाच नाकारणे. दुसरा, त्याच्यावरील जुलमात भागीदार होण्याचे नाकारणे. कात्री तीच, हात तेच. पण पहिल्या नकाराने माणूस लहान होतो आणि दुसऱ्याने मोठा.

अमेरिकेतही उपाय निघाले ते प्रथम अशा हातांकडूनच. १८६७ मध्ये लुइझियानात जन्मलेली सेरा ब्रीडलव्ह ही धुणे धुणारी बाई. तिचे स्वतःचे केस गळू लागले. त्यातून तिने मलमे आणि केसांची निगा यांचा धंदा उभारला, हजारो कृष्णवर्णीय स्त्रियांना विक्रीचे काम दिले, आणि मॅडम सी. जे. वॉकर या नावाने ती विख्यात झाली. अशा स्त्रियांचे गिऱ्हाईक आपल्याच समाजातले. म्हणून गोऱ्या मालकाच्या मर्जीवर त्यांची भाकर अवलंबून नसे. याचे फळ पुढे दिसले. दक्षिण कॅरोलिनात मतदारयादीत नाव घालण्यासाठी वाचन-लेखनाची परीक्षा द्यावी लागे. त्यासाठी १९५७ मध्ये जॉन्स आयलंड येथे प्रौढांचा वर्ग निघाला, तेव्हा त्याची पहिली शिक्षिका झाली बर्निस रॉबिन्सन, व्यवसायाने केशभूषाकार.

कायदा मागाहून आला. बारीक वेण्या घालून कामावर येण्यास एका विमान कंपनीने केलेली मनाई १९८१ मध्ये न्यायालयाने उचलून धरली होती. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने केसांच्या नैसर्गिक ठेवणीवरून नोकरीत किंवा शाळेत भेदभाव करण्यास बंदी घातली, आणि त्यानंतर वीसांहून अधिक राज्यांनी तोच मार्ग धरला. शिक्षणाकडेही लक्ष गेले. केशभूषेच्या शिक्षणक्रमात सर्व प्रकारच्या केसांचा अभ्यास असलाच पाहिजे, असा कायदा न्यूयॉर्क राज्याने २०२३ मध्ये केला. उलट टेक्सासमध्ये वेण्या घालणाऱ्या स्त्रियांना, त्यांच्या कलेचा ज्यात फारसा संबंध नव्हता असे परवाने मागत. ती अट २०१५ मध्ये गेली. कोठे नियम करावा लागतो, तर कोठे नियम काढावा लागतो.

आपला कायदा या बाबतीत मागे नाही. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हा गुन्हा ठरविला. १९७६ पासून तो नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने ओळखला जातो. अमरावतीत १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रहाची चळवळ झाली. देवळाचे दार उघडावे म्हणून झगडणाऱ्या या वऱ्हाडाला दुकानाचे दार समजावून सांगण्याची गरज नसावी.

तथापि कायदा दार उघडतो. हाताला कसब तो देत नाही आणि नजरेला अदब देत नाही. आपल्या शेजारी कर्नाटकात, यल्लापूर-हल्याळच्या रानात, आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. ते कोकणी बोलतात. त्यांच्यातील एखादी मुलगी उद्या शिक्षणासाठी आपल्या भागात आली, किंवा आफ्रिकेतील एखादी विद्यार्थिनी धामणगावच्या स्टेशनवर उतरून यवतमाळकडे निघाली, आणि वाटेत केसांसाठी एखाद्या दुकानात शिरली, तर आपण काय करू? तिच्या केसांना न विचारता हात लावून हसू, की ‘हे काम मला येत नाही, पण तुम्ही दाखवाल तर शिकेन’ असे म्हणू? न येणे हा अपराध नाही. शिकण्याची इच्छा नसणे, आणि त्या अनिच्छेला समोरच्या माणसाचा दोष म्हणणे, हा अपराध आहे.

साताऱ्याच्या त्या बहिणीने भावाचे केस किती मायेने कापले असतील याची कल्पना आपण करू शकतो. पण ती माया आठवून आपण समाधान मानू नये. थोरल्या बहिणीला न्हावी व्हावे लागू नये, असे गाव करणे हे आपले काम आहे. त्या गावाची परीक्षा पाहावयाची असेल तर फार लांब जावयास नको. उद्या सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात आपला नंबर येईपर्यंत बाकावर बसावे, आणि आपल्या शेजारी कोण बसले आहे व कोण कधीच बसलेले दिसत नाही, एवढे पाहावे.