डास नेमका कोणाला चावतो?

सायंकाळी ओट्यावर चारजण बसलेले असले, तरी डास एखाद्याच्याच भोवती अधिक घोंगावतात. 'त्याचे रक्त गोड आहे,' असे आपण सहज म्हणून जातो. परंतु चावण्यापूर्वी डासाला रक्ताची चव कळणार कशी? त्याला आधी कळतो तो आपल्या श्वासाचा आणि त्वचेचा गंध.

चावते ती केवळ मादी. अंडी तयार होण्यासाठी तिला रक्तातील प्रथिने लागतात. आपल्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड वायू तिला दुरूनच जाणवतो. जवळ आल्यावर शरीराची ऊब, दमटपणा आणि घामातील लॅक्टिक आम्ल, अमोनिया यांसारखी द्रव्ये तिला वाट दाखवतात. ताज्या घामाला फारसा वास नसतो, हे पुष्कळांना खरे वाटणार नाही. त्वचेवर वस्ती करणारे सूक्ष्मजीव घामाचे आणि त्वचेतील स्निग्ध द्रव्याचे विघटन करतात आणि त्यातून ज्याचा त्याचा विशिष्ट गंध तयार होतो.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांनी या विषयावरील एक प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध केला. त्यात काही स्वयंसेवकांनी हातांवर नायलॉनचे मोजे चढवले आणि त्यांत आपला गंध मुरू दिला. मग दोन व्यक्तींच्या मोज्यांचे तुकडे एका वेळी एडिस इजिप्ती या जातीच्या माद्यांपुढे ठेवण्यात आले. डेंग्यू पसरवणारी ती हीच जात. काही व्यक्तींच्या तुकड्यांकडे माद्या पुन्हा पुन्हा झेपावल्या, आणि त्यांच्या त्वचेवर कार्बोक्झिलिक आम्लांचे प्रमाण अधिक आढळले. विशेष म्हणजे, हा फरक काही वर्षांनंतरही तसाच टिकून होता. ही आम्ले त्वचेतील स्निग्ध द्रव्यापासून बनतात आणि ते द्रव्य सतत पाझरत असते. त्यामुळे केवळ स्नानाने ती कायमची नाहीशी होत नाहीत.

मग मलमाने काय साधते? अमेरिकी सैन्यासाठी तयार झालेले 'डीट' हे द्रव्य १९५७ पासून तेथील सामान्य नागरिकांनाही मिळू लागले. आपल्याकडे ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने 'डेपा' हे द्रव्य विकसित केले. अशी द्रव्ये डासाला मारत नाहीत. डीटमुळे मादीच्या गंधज्ञानात व्यत्यय येतो. तरीही ती त्वचेवर उतरलीच, तर पायांना त्याचा स्पर्श होताच उडून जाते. अर्थात मलम न लागलेला घोटा किंवा कोपर तिला मोकळाच सापडतो, म्हणून उघड्या त्वचेवर ते सर्वत्र सारखे लावावे. घामाने ते निघून गेल्यास पुन्हा लावावे. सिट्रोनेलासारखी सुगंधी तेले लवकर उडून जातात, हेही ध्यानात असावे. जखमेवर, डोळ्यांजवळ आणि लहान मुलांच्या तळहातांवर मलम लावू नये, कारण मुले हात तोंडात घालतात.

पुष्कळ घरांत मलमाची आठवण रात्री निजतानाच होते. हिवतापाचा डास रात्री चावतो, हे खरे. डेंग्यूचा डास मात्र दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी अधिक चावतो.