उनपदेवाच्या वरचे रान

अंकलेश्वर–बऱ्हाणपूर मार्गावरील चोपडा हे गाव केळी आणि कापूस यांच्या उलाढालीत इतके गुंतलेले असते की, सातपुड्याची रांग आपल्याच तालुक्यात उतरते याचे स्मरण पेठेतील मंडळींना क्वचितच होते. अडावदहून उनपदेवाकडे वळले की केळीच्या बागा मागे पडू लागतात. गोमुखातून पडणारे तेथील ऊन पाणी श्रीरामाने शरभंग ऋषींसाठी बाण मारून काढले, अशी आख्यायिका आहे. परंतु आमचे चित्त अधिक रमले ते वरच्या पाड्यावर, अंजनाच्या सालीचा दोर वळीत बसलेल्या एका वृद्ध पावरा गृहस्थापाशी.

पायाच्या अंगठ्यात टोक अडकवून, भिजवून कुटलेल्या सालीचे तंतू तो तळव्यांत घोळवीत होता. ‘‘साल तोडलेल्या फांदीची घ्यायची. खोड सोललं का झाड वाळतं,’’ तो म्हणाला. आणि हा नेम कोणाचा, असे विचारताच त्याने जुन्या गावपाटलाचे नाव घेतले, कायद्याचे नव्हे. नायलॉनपुढे त्याच्या दोराला आता गिऱ्हाईक नाही.

गावाच्या अशा नेमांचा पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. 1878 च्या कायद्याने राने राखीव होऊ लागली, 1927 च्या कायद्याने ती व्यवस्था पक्की झाली आणि रयतेची वहिवाट सरकारी सवलतीवर आली. मग सवलतीच्या रानाला राखण कोण घालणार? 1992 पासून राज्यात संयुक्त वनव्यवस्थापनाच्या समित्या निघाल्या, पण सचिव वनखात्याचा आणि पैसाही वरून येणारा, तेव्हा पैसा आटला की दप्तर बासनात जाई, यात नवल ते काय! 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन ग्रामसभेच्या हाती देण्याची वाट मोकळी केली. तरीही पाड्यावर बोलणे निघाले ते आपापल्या नेवाडाच्या, म्हणजे रान साफ करून कसलेल्या शेताच्या, कागदाचेच, आणि त्यात गैर काही नाही. स्वतःच्या नावाचा कागद पेटीत ठेवता येतो, सगळ्यांच्या नावाचा कोणी सांभाळायचा?

खानदेशातच, साक्री तालुक्यातील बारीपाडा गावाने 1990 नंतरच्या दशकात, चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने, चोरट्या तोडीला दंड बसवून आपले उजाड रान पुन्हा उभे केले. नेम गावाचा, पहारा गावाचा आणि वनभाज्यांचा लाभही गावाचाच, म्हणून ते टिकले. पवारांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

उनपदेवाला आणखी फरसबंदी मागणाऱ्या पुढाऱ्यांना आमची विनंती एवढीच की, आधी वरच्या पाड्यांत बसून सामूहिक वनहक्काच्या दाव्यांचे कागद भरून द्यावेत. फरशी मागाहून बसविता येईल.