प्राध्यापकांच्या पंक्तीत ढोलवाले

नांदुऱ्यासारख्या गावात नाच कोणी शिकवीत नाही आणि तरी तो सर्वांना येतो. गणपती विसर्जनाला निघाले, डफडे वाजू लागले की लेझमीच्या दोन रांगा धरल्या जातात. दहा वर्षांचा पोर थोरल्या भावाच्या पायांकडे पाहत पाऊल टाकू लागतो आणि चौथ्या चौकापर्यंत रांगेत मुरूनही जातो. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, त्यांना तरी कोण तालीम देते? अशा गावात कोणी सांगितले, की अमक्याचा मुलगा लेझीम हा विषय घेऊन पदवीधर झाला, तर पारावर हशा पिकेल. ‘म्हणजे परीक्षेत काय, नाचून दाखवितात की काय?’ असे एखादे आजोबा विचारतीलच.

होय, नाचून दाखवितात. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात साठ वर्षांहून अधिक काळ हे चालले आहे.

आफ्रिका म्हटली की आपल्याला जंजिऱ्याचा सिद्दी आठवतो. पण सिद्दी मंडळींचे पूर्वज मुख्यतः त्या खंडाच्या पूर्वेकडचे. घाना अगदी दुसऱ्या टोकाला, अटलांटिक महासागराच्या काठी. इंग्रजी अमदानीत त्याला ‘गोल्ड कोस्ट’ म्हणत. ६ मार्च १९५७ रोजी तो स्वतंत्र झाला. १९४८ साली इंग्रजांनी तेथे एक कॉलेज काढले होते. त्याला १९६१ साली विद्यापीठाचा दर्जा मिळाला. राजधानी अक्राजवळच्या लेगॉन टेकडीवर ते उभे आहे. तेथे ग्रीक आणि लॅटिनची व्यवस्था चोख होती. खालच्या गावात रात्रभर वाजणाऱ्या ढोलाला मात्र आत वाव नव्हता. आपल्याकडच्या जुन्या कॉलेजांची ज्यांना आठवण आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही!

स्वतंत्र घानाचे पुढारी क्वामे एन्क्रुमा यांच्या मनाने घेतले, की हे बदलले पाहिजे. १९६२ साली विद्यापीठात संगीत आणि नाट्य यांचे विद्यालय निघाले आणि त्याच्याच जोडीने राष्ट्रीय नृत्यपथक उभे राहिले. संगीतज्ञ क्वाबेना एन्केटिया आणि मूळचे चित्रकार असलेले मावेरे ओपोकू या दोघांनी या कामाला वाहून घेतले.

खरी अडचण पुढेच होती. शिकविणार कोण? घानात भाषा अनेक, जमाती अनेक आणि प्रत्येकीचा नाच निराळा. आशांती लोकांचा ‘आडोवा’, एवे लोकांचा ‘आग्बाद्झा’, उत्तरेकडच्या दागोंबा लोकांचा ‘बामाया’. परदेशी पदव्या घेतलेल्या कोणाही विद्वानाला हे सारे येणे शक्य नव्हते. ज्यांना येत होते, त्यांच्यापाशी पदवीचा कागद नव्हता. तेव्हा गावोगावचे जाणते ढोलवाले आणि नाचणारे विद्यापीठात आणून त्यांनाच शिकवावयास बसविण्यात आले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली धाडसाची गोष्ट हीच. इमारती काय, कोणीही बांधतो.

ढोलवाल्यावाचून तेथे का अडते, हे समजून घेण्याजोगे आहे. एवे लोकांच्या वाद्यमेळात लोखंडाची एक जोडघंटा असते. तिचा ठेका अखेरपर्यंत बदलत नाही. सगळे तिच्या आधाराने चालतात. भोपळ्यावर मण्यांची जाळी विणलेला खुळखुळा तिला साथ देतो. लहान ढोल आपापले बोल धरून बसतात. मुख्य ढोल इतका उंच, की तो तिवईवर कलता टेकवून उभ्याने वाजवावा लागतो. नाचणाऱ्याने पाऊल केव्हा बदलायचे, हे हा ढोल सांगतो. आपल्या लेझमीत शिट्टी जे काम करते ते तेथे ढोलाचे, पण शिट्टीला एकच सूर आणि या ढोलाला अख्खी भाषा! मनात ‘एक, दोन, तीन, चार’ मोजणारा विद्यार्थी येथे हटकून चुकतो. त्याने आधी ऐकायला शिकावे लागते.

आशांतींकडे तर ढोल शब्दशः बोलतात. त्यांच्या ट्वी भाषेत सूर चढला-उतरला की शब्दाचा अर्थ बदलतो. एक ढोल उंच स्वराचा, एक खालच्या. या जोडीवर माणसांची नावे, म्हणी, राजाची स्तुती सारे वाजविता येते. ज्याला ट्वी येत नाही त्याला नुसता नाद ऐकू येतो. आडोवा मूळचा मर्तिकाच्या प्रसंगीचा. त्यात पाय हलके पडतात आणि बोलतात ते हात; दोन्ही हात डोक्यावर ठेवले की दुःखाचा डोंगर कोसळला, असे समजावे. बामायाची कथा आणखी निराळी. पूर्वी म्हणे मोठा दुष्काळ पडला. स्त्रीचा अपमान झाल्याने देव कोपला होता, तेव्हा पुरुषांनी बायकांचा वेष घालून नाच केला आणि पाऊस पडला. ‘धोंडी धोंडी’ करीत दारोदार पाणी मागणारी आपली पोरे त्यांचे चुलतभाऊच म्हणायची.

एवढे सगळे वर्गाच्या चार भिंतींत मावते का? मावत नाही. गावात गोल रिंगण असते, प्रेक्षक निराळा नसतो आणि नाच रात्रभर चालतो. ओपोकूंनी रंगभूमीसाठी नाच बसविले, ते आटोपशीर करून. आपल्याकडे १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांत सांगलीकडच्या चारशे जणांनी लेझीम केली. डोळ्यांचे पारणे फिटावे असा तो देखावा, पण वळणावळणावरचा थिल्लरपणा, मध्येच घुसणारे पोर, हे त्यात कोठून असणार? तरी पण आटोपशीर नाच हा मुळीच नसलेल्या नाचापेक्षा बरा, असे मला वाटते.

महाराष्ट्राने हा रस्ता जरा उशिरा धरला. १९७० नंतर कनक रेळे यांच्या नालंदा महाविद्यालयामुळे मुंबई विद्यापीठाची नृत्यातली पदवी मिळू लागली. पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र निघाले. पण हे मुख्यतः शास्त्रीय नृत्याचे. लावणी, गोंधळ, तमाशा यांना दार उघडले ते मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीने, या शतकात, कलिन्याला. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती आणि पुढे त्याच्या शुद्धीकरणासाठी समिती नेमली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ढोलकी कुठून कुठे आली ते कळते.

घानातही तसेच झाले. १९६० नंतरच्या काही वर्षांत अक्रातल्या गा जमातीच्या तरुणांनी ‘क्पानलोगो’ नावाचा नवा नाच काढला. कमरेच्या हालचाली पाहून वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली, आणि प्रकरण अश्लीलतेच्या आरोपापर्यंत गेले. आज परदेशांतल्या विद्यापीठांत नवशिक्यांना बहुधा प्रथम तोच शिकवितात. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात घानाच्या राष्ट्रीय पथकातून गेलेले सी. के. लाडझेक्पो हे १९७३ पासून आफ्रिकी संगीत शिकवू लागले. ते एवे ढोलवाल्यांच्या घराण्यातले. कलिन्याच्या वर्गातली मुले लावणीचे पाऊल पुस्तकातून उचलत नाहीत. त्यांनाही फडावर आयुष्य काढलेला माणूसच लागतो, आणि पदवीची अट पुढे केली की तो माणूस दाराबाहेरच उभा राहतो.