पावसाळी डोंगर आणि चकवा

आषाढ लागला की घाटमाथ्यावर ढग उतरतात आणि त्यांच्या पाठोपाठ पाठीला पिशव्या लावलेली तरुण मंडळीही येतात. डोंगर चढणे हा उत्तम व्यायाम आहे. हृदयाला, फुप्फुसांना, मनालाही तो चांगला. काळजी वाटते ती भर पावसात एकट्याने निघणाऱ्याची. आरोग्याच्या सदरात वाट चुकण्याचा विषय कशाला, असे वाचक विचारतील. वाट चुकते ती धुक्यामुळे, हे खरे. पण चुकलेला माणूस पुन्हा वाटेवर येत नाही, याचे कारण पुष्कळदा त्याच्या शरीरात असते. म्हणून हा लेख.

चकवा म्हणजे काय?

जुनी माणसे सांगत, अमक्याला रानात चकवा लागला. रात्रभर चालला आणि पहाटे पाहतो तो त्याच झाडाखाली! भुताचा भाग सोडून द्या, पण अनुभव खोटा नाही. जर्मनीतील ट्युबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काही जणांना जंगलात सोडून सरळ एका दिशेने चालायला सांगितले. सूर्य दिसत होता तेव्हा ते बऱ्यापैकी सरळ गेले. आभाळ भरलेले असताना मात्र गोल गोल फिरले आणि आपलीच वाट ओलांडून गेले, तेही त्यांना न कळता. डोळे बांधून चालवल्यावर तर काही वर्तुळे २० मीटरपेक्षाही लहान निघाली.

एक पाय आखूड असतो म्हणून असे होते, ही समजूत चुकीची. तोच माणूस कधी डावीकडे वळतो, कधी उजवीकडे. आपल्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा, स्नायू आणि डोळे मिळून मेंदूला ‘सरळ’ कोणते ते सांगतात. दर पावलाला होणारी लहानशी चूक डोळे दुरुस्त करत असतात. सूर्य, शिखर, खालच्या गावातले देऊळ असे काहीच दिसेनासे झाले, की त्या चुका साठत जातात. धुक्यात नेमके हेच होते.

चढताना नव्हे, उतरताना

आमच्या भागातील गुराखी सांगतात की पाहुणे चुकतात ते उतरताना. यात अर्थ आहे. चढताना डोंगराच्या सगळ्या सोंडा माथ्याकडेच येऊन मिळतात. उतरताना त्याच सोंडा फाटे फुटल्यासारख्या दूर जातात. माथ्यावर दहा पावले चुकली, तर पायथ्याशी भलत्याच खोऱ्यात उतरणे होते. त्यात पावसाळ्यात गवत वाढते, मळलेली वाट आणि ढोरवाट सारखीच दिसते. दिवस कलत असतो, पोट रिकामे असते आणि घरी जायची घाई असते. अशा वेळी मन समोर दिसेल त्याला ओळखीचे ठरवते. ‘हाच तो दगड’ असे ते सांगते आणि पाय पुढे पडत राहतात. सोबत दुसरा असता तर म्हणाला असता, ‘अरे, हा दगड नव्हता.’ एकट्याला हे सांगणारे कोणी नसते.

गारठा डोक्यात जातो

आता मुख्य मुद्दा. आपल्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ फॅरनहाइट असते. आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात. हा बर्फाळ मुलखातला आजार, असे पुष्कळांना वाटते. पण अंगावरचे कपडे ओले, वर सोसाट्याचा वारा आणि पोटात काही नाही, अशा स्थितीत हवेचे तापमान १५ अंश असले तरी तो होऊ शकतो. दर हजार मीटर उंचीला हवा साधारण ६ अंशांनी थंड होते. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे, यावरून हिशेब करा.

सुरुवातीला कुडकुडायला होते. ही शरीराची धडपड असते. स्नायू थरथरून ऊब तयार करतात. त्यासाठी लागणारी साखर संपत आली की माणूस चिडचिडा होतो, बोटांनी चेन लागत नाही, जीभ जड होते, पाय अडखळतात. मग बुद्धी मंदावते. पिशवीत कोरडा स्वेटर असून तो काढायचे सुचत नाही. तापमान ३२ अंशांच्या आसपास आले की कुडकुडणे थांबते आणि झोप येऊ लागते. आता बरे वाटते आहे, असा भास होतो. काही जण तर शेवटी उकडते म्हणून कपडे काढून टाकतात!

काही वर्षांपूर्वी श्रावणात रात्री एका तरुणाला गावकऱ्यांनी डोलीतून माझ्या दवाखान्यात आणले. ‘डॉक्टरसाहेब, पोरगं पिऊन आलंय, काय बोलतंय कळत नाही,’ आणणारे काका म्हणाले. तोंडाला दारूचा वास नव्हता. थर्मामीटरचा पारा पहिल्या रेघेपर्यंतही चढला नाही. साध्या थर्मामीटरवर आकडे साधारण ९४-९५ फॅरनहाइटपासूनच सुरू होतात, हे ध्यानात ठेवा. ओले कपडे उतरवून, घोंगड्यांत गुंडाळून त्याला ऊब दिली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले. तो वाचला. तो सापडला ती जागा वाटेपासून हाकेच्या अंतरावर होती, असे काकांनी मला नंतर सांगितले.

वाट चुकली तर

थांबा. हा पहिला उपाय. खाली बसा, गूळ, चिक्की, जे असेल ते खा आणि अंगात त्राण आहे तोवरच कोरडे कपडे घाला. वाऱ्याच्या आडोशाला जा. जमिनीचा गारवा लागू नये म्हणून खाली पिशवी किंवा दोर टाका. आलेली वाट नक्की ओळखू येत असेल तरच मागे फिरा. ‘ओढ्याच्या कडेने उतरा, गाव लागतेच,’ हा सल्ला सह्याद्रीत घातक आहे. येथील काताळ पायऱ्यापायऱ्यांचा आहे. ओढा कड्यावरून धबधबा होऊन कोसळतो. मोबाइलची बॅटरी जपा आणि ११२ ला फोन करा. शिट्टी असेल तर मिनिटाला सहा वेळा फुंका, मग एक मिनिट थांबा. ही मदतीची खूण सगळीकडे मानली जाते. ऊब म्हणून दारू घेऊ नका. तिने कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात, वरवर गरम वाटते आणि आतली ऊब निघून जाते.

असा माणूस सापडला तर

आपल्या गावकरी मंडळींसाठी चार गोष्टी. ओले कपडे हलक्या हाताने काढा. डोके, मान, छाती आणि पोट आधी झाका. हातपाय जोरजोरात चोळू नका, शेकोटीच्या अगदी जवळ बसवू नका. गारठलेले हृदय धक्क्याने बिघडू शकते, म्हणून चालवण्यापेक्षा उचलून आणा. पूर्ण शुद्धीवर असेल तरच गरम, गोड चहा द्या. आणि अंग थंडगार लागले, नाडी सापडली नाही, म्हणून ‘गेला’ असे ठरवू नका. ऊब देत १०८ च्या गाडीने रुग्णालयात न्या. तेथे निर्णय होऊ द्या.

निघण्यापूर्वी

पावसात एकट्याने जाऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. जायचेच तर गावातला वाटाड्या घ्या. पायथ्याच्या घरी आपले नाव, वाट आणि परतायची वेळ सांगा आणि परतल्यावर त्यांना कळवायला विसरू नका. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. साखर उतरल्यावर आणि गारठल्यावर होणारी भ्रमिष्ट अवस्था सारखीच दिसते. मागे फिरायची वेळ घरीच ठरवा आणि ती झाली की शिखर समोर दिसत असले तरी वळा. गारठलेल्या डोक्याने हा निर्णय होत नाही.